स्टुडंट टीचिंगपूर्वी शाळा पाहायला जाताना: कृषी शिक्षणाच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुम्ही लिहिले आहे की महाराष्ट्रातून बी.एस्सी. कृषी पूर्ण करून तुम्ही सध्या अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका विद्यापीठात कृषी शिक्षणात मास्टर्स आणि त्यासोबत शिक्षकाचे लायसन्स असा अभ्यासक्रम करत आहात. जानेवारीपासून तुमचे स्टुडंट टीचिंग, म्हणजे शाळेतल्या एका शिक्षकाच्या हाताखाली सत्रभर प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सुरू होणार आहे आणि त्याआधी, याच शरद ऋतूत, तीन हायस्कूलना भेट देऊन तुम्हाला पसंतीक्रम कळवायचा आहे. एका शाळेत तीन ॲग टीचर (शेतीचे शिक्षक), नवे ग्रीनहाउस आणि मोठे वेल्डिंग शॉप आहे. दुसरी गावातली लहान शाळा असून तिथे एकच शिक्षिका सगळे विषय सांभाळते. तिसरी शहराच्या कडेला आहे आणि तिथल्या बहुतेक मुलांच्या घरी शेती नाही. भेटीत काय पाहावे, काय विचारावे, आणि आपण कधीच एफएफए या शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत नव्हतो हे आधी सांगावे की नाही, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी इथल्या हायस्कुलात बरीच वर्षे शेती शिकवते आहे आणि माझ्या वर्गावर स्टुडंट टीचर येत असतात, त्यामुळे माझ्या अनुभवाला धरून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात तिन्ही शाळांच्या सोयीसुविधांचे वर्णन बारकाईने आले आहे, पण त्या तीन ठिकाणच्या शिक्षकांविषयी एकही ओळ नाही. खरी अडचण तिथेच आहे असे मला वाटते. तुम्ही शाळा निवडायला निघाला आहात. प्रत्यक्षात तुम्हाला निवडायचे आहे ते एक माणूस, ज्याच्या शेजारी उभे राहून तुम्ही हे काम शिकणार आहात, ज्याच्या वर्गाची सूत्रे काही आठवड्यांत तुमच्या हाती येणार आहेत आणि जो रोज संध्याकाळी तुम्हाला तुमच्या तासाबद्दल खरे ते सांगणार आहे. ग्रीनहाउस जुने असले तरी त्यात शिकता येते. कामाची सूत्रे सोडायला तयार नसलेल्या शिक्षकाकडे मात्र उत्तम ग्रीनहाउस असूनही सत्रभर मागे बसून पाहण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात हे आधीच मान्य करते. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याची पसंती फक्त विचारात घेतली जाते आणि अंतिम निर्णय प्लेसमेंट पाहणाऱ्या प्राध्यापकांचा असतो. लायसन्सचे नियम, पूर्ण दिवस किती आठवडे भरायचे, को-ऑपरेटिंग टीचरला, म्हणजे ज्यांच्या वर्गावर तुम्ही शिकणार त्यांना, किती वर्षांचा अनुभव हवा, हे सारे राज्यागणिक बदलते. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे काम बिनपगारी आहे म्हणून परवानगी लागत नाही असे गृहीत धरू नका; सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी, घ्यावी लागते का आणि कोणत्या तारखेच्या आत, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आताच विचारून ठेवा. तुमच्याकडे गाडी आहे का, हा प्रश्नही किरकोळ नाही. गावातल्या शाळेपर्यंत सार्वजनिक वाहतूक बहुधा नसते आणि जानेवारीतल्या बर्फात सकाळी सातला पोहोचायचे असते.

आता भेटीत एखादा तास पाहून का भागत नाही, ते सांगते. आपल्याकडच्या कृषी तंत्र विद्यालयात मुले खास शेतीच शिकायला येतात. इथे शेती हा साध्या सरकारी हायस्कुलातला निवडीचा विषय आहे आणि त्याची मांडणी तीन भागांची आहे: वर्ग व प्रयोगशाळा, एफएफए ही विद्यार्थी संघटना, आणि एसएई, म्हणजे प्रत्येक मुलाने शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्गाच्या तासांबाहेर चालवलेला स्वतःचा प्रकल्प. १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कुलातल्या शेती शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि १९२८ साली कॅन्सस सिटीत एफएफएची स्थापना झाली. घरच्या प्रकल्पातून शेती शिकवण्याची पद्धत तर त्याहून जुनी, मॅसॅच्युसेट्समध्ये रूफस स्टिम्सन यांनी रुजवलेली. त्यामुळे ॲग टीचरचा दिवस शेवटच्या घंटेला संपत नाही आणि अनेकांचा करार उन्हाळ्यातही चालू असतो. तुम्ही फक्त तिसऱ्या तासाला जाऊन बसलात तर या कामाचा एक तृतीयांश भाग दिसेल, आणि तोही पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवलेला.

म्हणून पहिली विनंती ही की प्रत्येक शाळेत पूर्ण दिवस मागा, पहिल्या तासापासून शाळा सुटल्यानंतरच्या कामापर्यंत. आठवड्याच्या मधला साधा दिवस मागा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस इंडियानापोलिसला एफएफएचे राष्ट्रीय अधिवेशन असते. त्या आठवड्यात आणि त्याच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही ॲग टीचरकडे तुमच्यासाठी निवांत वेळ नसतो. ईमेल थोडक्यात लिहा: तुम्ही कोण, कोणत्या विद्यापीठातून, कोणते तास पाहायला आवडतील, आणि शाळा सुटल्यावर एखाद्या मुलाच्या प्रकल्पाला भेट असेल तर सोबत येऊ शकाल का. शेवटचे वाक्य गाळू नका. त्याचे कारण पुढे येईल.

भेटीच्या दिवशी आधी ऑफिसात नोंद करा. फोटो असलेले ओळखपत्र लागते आणि गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला घालावा लागतो. मुलांचे फोटो काढू नका. पायात बंद बूट आणि अंगात शॉपमध्ये चालतील असे कपडे असू द्या. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस ग्राइंडरजवळ धोक्याचे. शाळेत कोंबड्या किंवा डुकरे असतील तर एका गोठ्यातले बूट न धुता दुसऱ्या गोठ्यात नेऊ नका. बर्ड फ्लूच्या साथींनंतर शेतकरी कुटुंबे या बाबतीत फार जागरूक झाली आहेत, आणि तुम्ही न सांगता बूट धुतलेत तर तुमच्याविषयी चांगले मत तिथेच तयार होते.

शॉपमध्ये काय पाहायचे हे मी जरा विस्ताराने सांगते, कारण आपल्याकडून आलेल्यांना तिथेच सर्वांत अनोळखी वाटते. बी.एस्सी.ला अवजारे आणि यंत्रे हा विषय आपण शिकलेलो असतो, पण मिग वेल्डिंगची (वायर आपोआप पुढे सरकत राहणाऱ्या विजेच्या जोडकामाची) गन हातात धरून रोज जोडकाम केलेले सहसा नसते. तुम्ही भिंतीपाशी उभ्या राहा आणि आधी डोळ्यांकडे पाहा: प्रत्येक मुलाच्या चष्म्यावर झेड-८७ या सुरक्षा मानकाची खूण आहे का, आणि शिक्षकाच्या स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा आहे का. सुरक्षिततेची परीक्षा पूर्ण गुणांनी पास झाल्याखेरीज यंत्राला हात लावू देत नाहीत ना, आणि त्या परीक्षांचे कागद जपून ठेवले जातात का, हे विचारा. मग शिक्षक चुकलेल्या मुलाशी काय करतो ते पाहा. समजा एका मुलाची जोड नीट बसली नाही. धातूचा ओघळ पट्टीवर नुसता उंचवट्यासारखा बसला आहे, आत शिरलेलाच नाही. काही शिक्षक गन स्वतःच्या हातात घेऊन जोड पूर्ण करून देतात आणि पुढे जातात. चांगला शिक्षक त्या मुलाला शेजारच्या बूथमध्ये उभे करतो आणि आवाज ऐकायला सांगतो. ठीक चाललेल्या मिगचा आवाज तेलात भजी तळताना येतो तसा सलग चरचरता असतो, आणि वायरचा वेग किंवा व्होल्टेज चुकले की तो तुटक फटफट होतो. मग शिक्षक मुलालाच विचारतो की आता यंत्रावर काय बदलशील. मुलगा चुकीचे उत्तर देतो, बदलून पाहतो, पुन्हा आवाज ऐकतो. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात बाकीच्या वर्गावरची नजर ढळत नाही. जो शिक्षक मुलाच्या हातातून गन घेत नाही, तो तुमच्या हातातून वर्गही घेणार नाही. मी स्टुडंट टीचरना हे नेहमी सांगते, कारण या अंदाजाने मला आजवर क्वचितच दगा दिला आहे.

तासाची शेवटची दहा मिनिटे तर अजिबात चुकवू नका. झाडलोट कोण करतो, अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची जागा रंगवलेली आहे का आणि रिकामी जागा राहिली तर कोणाच्या लक्षात येते, मुले आपापले काम ओळखून करतात की शिक्षकाला ओरडावे लागते, यातून वर्गाची घडी किती पक्की बसली आहे ते दिसते. जानेवारीत ती घडी तुम्हाला आयती मिळणार आहे, किंवा ती बसवण्यात तुमचे निम्मे सत्र जाणार आहे.

ग्रीनहाउसमध्ये शरद ऋतूत पॉइन्सेटिया या शोभेच्या झाडाच्या कुंड्या असतील. कुंड्यांवरच्या पट्ट्यांवर कोणाचे हस्ताक्षर आहे ते वाचा. पाणी आणि खताची नोंदवही मुलांच्या अक्षरात असेल, त्यात खाडाखोड असेल, एखादी तारीख सुटलेली असेल, तर ते ग्रीनहाउस मुले चालवतात. सगळे एकाच सुबक अक्षरात असेल तर ते शिक्षक चालवतात आणि मुले पाहायला येतात. तुमचे सत्र जानेवारी ते मे असल्याने वसंतातल्या रोपविक्रीची पेरणी, पुनर्लागण आणि विक्री हे सारे तुमच्याच काळात पडेल. आपल्याकडची रोपवाटिका तुम्ही पाहिलेली आहे, प्रो-ट्रे आणि कोकोपीट तुमच्या हातातले आहे; हे काम तुमच्याकडे सोपवाल का, असे तिथेच विचारा.

एफएफएच्या बाबतीत नव्या माणसाचे लक्ष भिंतीवरच्या ढाली आणि बॅनरकडे जाते. ते स्वाभाविक आहे, कारण स्पर्धांमागची मेहनत खरी असते. तरीही मी तुम्हाला वेगळा प्रश्न विचारायला सांगेन: शेतीच्या वर्गात नाव घातलेल्या मुलांपैकी किती मुले एफएफएच्या कामात येतात, आणि जी येत नाहीत ती कोण आहेत? काही शाळा प्रत्येक विद्यार्थ्याची वर्गणी एकत्र भरून सर्वांनाच सदस्य करून घेतात, काही ठिकाणी ज्याची त्याने भरायची असते. एफएफएच्या गणवेशातल्या निळ्या कॉर्डुरॉय जॅकेटचा खर्च कोणाला झेपत नसेल तर शाळा काय करते, शाळा सुटल्यावर घरी न्यायला कोणी नसलेल्या मुलासाठी सरावाची वेळ बदलते का, शहराच्या कडेला राहणाऱ्या, इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलीला पदाधिकारी व्हावेसे वाटते का, या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाला पटकन आणि नावानिशी देता आली तर त्या कार्यक्रमात जीव आहे. आफ्रिकन अमेरिकन मुलांसाठीची वेगळी संघटना, एनएफए, १९६५ साली एफएफएमध्ये विलीन झाली आणि मुलींना राष्ट्रीय पातळीवर पूर्ण सदस्यत्व १९६९ साली मिळाले. दार उघडले म्हणून सगळे आत आले असे होत नाही, आणि हे काम अजून प्रत्येक शाळेत रोज करावे लागते.

आता प्रकल्पाच्या भेटीकडे येते. शाळा सुटल्यावर शिक्षकाच्या पिकअपमध्ये बसून तुम्ही एखाद्या मुलाच्या घरी गेलात तर तासभराच्या त्या प्रवासात जे कळते ते दिवसभरात कळत नाही. मुलाने मेंढी पाळली असेल, किंवा तो शेजाऱ्यांचे गवत कापून पैसे मिळवत असेल, किंवा किराणा दुकानाच्या फुलांच्या विभागात काम करत असेल. हे सगळे एसएईत बसते. शिक्षक जनावरांपाशी पोहोचल्यावर आधी मुलाशी बोलतात की वडिलांशी, मुलाच्या नोंदी उघडून खाद्याचा खर्च आणि वजनवाढ यांचा हिशेब त्याच्याकडून करून घेतात की नुसते ‘छान आहे’ म्हणून निघतात, ते पाहा. परतीच्या वाटेवर शिक्षक मुलाच्या घराविषयी कसे बोलतात तेही लक्षात ठेवा. गरीब घराविषयीचा आदर किंवा अनादर बोलण्यातून लपत नाही. ज्या शिक्षकांना प्रकल्पभेटींसाठी वेळच मिळत नाही त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही, कारण एकट्या शिक्षकाच्या विभागात दिवसाला पाच-सहा वेगवेगळ्या विषयांची तयारी असते. पण हा तिसरा भाग तुम्हाला त्या शाळेत शिकता येणार नाही, एवढे नोंदवून ठेवा.

शिक्षकाशी स्वतंत्र बोलायला त्यांचा प्रेप पीरियड, म्हणजे शिकवणी नसलेला तयारीचा तास, मागा आणि त्यांना हे चार प्रश्न विचारा. माझ्या आधी तुमच्याकडे स्टुडंट टीचर होते का आणि त्यांनी पहिला पूर्ण तास कोणत्या आठवड्यात घेतला. मी शिकवत असताना तुम्ही वर्गात असाल, मागे बसाल की ऑफिसात असाल. तासानंतर लेखी सांगाल की तोंडी, त्याच दिवशी की आठवड्यातून एकदा. माझी पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असली तर किती मोकळीक असेल? चारही उत्तरे ऐकताना मी शब्दांपेक्षा तपशील पाहीन. ‘वर्ग पूर्णपणे तुमचाच असेल’ हे सगळेच म्हणतात. ‘पहिल्या आठवड्यात तुम्ही फक्त हजेरी आणि सुरुवातीचा प्रश्न घ्या, तिसऱ्या आठवड्यात फ्लोरिकल्चर तुमचे, मार्चमध्ये शॉप सोडून सगळे, आणि शॉपमध्ये मी नेहमी असेन’ असे कोणी म्हणाले तर त्यांनी तुमचा खरोखर विचार केलेला आहे. वेळापत्रकही विचारा, कारण नव्वद मिनिटांच्या ब्लॉकचा तास आणि पंचेचाळीस मिनिटांचा तास यांचे नियोजन सर्वस्वी वेगळे असते. अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असल्याने आयईपी किंवा ५०४ ही खास योजना आखलेल्या मुलांसाठी काय बदल करतात, आणि ती माहिती तुम्हाला कधी व कोणाकडून मिळेल, हे विचारा. मुलांची नावे मात्र भेटीत विचारू नका, ती माहिती गोपनीय असते.

सत्रातली मोठी कामे कोणती हेही समजून घ्या. फेब्रुवारीत एफएफए वीक असतो, हिवाळ्यात एफएफएच्या स्टेट डिग्री आणि प्रोफिशिएन्सी या सन्मानांचे अर्ज, वसंतात स्पर्धा, मग रोपविक्री आणि वार्षिक बँक्वेट. यांत तुमची जागा कोणती, हे आधी ठरलेले बरे. मुलांना घेऊन शाळेची व्हॅन चालवण्याचे नियम जिल्हा ठरवतो, तेव्हा ते गृहीत धरू नका.

तुम्ही शाकाहारी आहात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे. मांस परीक्षणाची स्पर्धा एफएफएमध्ये आहे, काही शाळांत कोंबड्या वाढवून त्या कापण्यापर्यंतचा पाठ असतो, आणि वासरांचे खच्चीकरण हा पशुविज्ञानाच्या वर्गातला साधा विषय आहे. तुम्हाला मांस खायला कोणी लावणार नाही. पण पशुपालनावर पोट असलेल्या घरातल्या मुलांना तुम्ही त्यांच्या कामाकडे आदराने पाहता हे दिसावे लागते. कोणता पाठ तुम्ही घेऊ शकाल, कोणत्या वेळी तुम्हाला बाजूला उभे राहायचे आहे, हे शांतपणे आणि स्पष्टपणे भेटीतच सांगा. चांगला शिक्षक त्यावर वाट काढतो, आणि वाट काढायला तयार नसलेला शिक्षक ऑक्टोबरात कळलेला बरा.

निघण्यापूर्वी ऑफिसातल्या सेक्रेटरींना, सफाई कर्मचाऱ्याला आणि जमल्यास मुख्याध्यापकांना भेटा. शाळेत ॲग विभाग कोणाला हवा आहे आणि कोणाला ओझे वाटतो, हे तिथे दोन मिनिटांत समजते. मुलांशीही बोला, पण ‘तुमचे सर कसे आहेत’ असे विचारू नका. ‘तू सध्या काय बनवतो आहेस, दाखव’ एवढे म्हणा आणि ऐका. गाडीत बसल्याबरोबर, घरी पोहोचण्याची वाट न पाहता, दिसलेले तसेच लिहून काढा; तीन शाळांनंतर आठवणी एकमेकींत मिसळतात.

तुमच्या तीन शाळांपैकी कोणती, हे न पाहता सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल. तरी माझा कल सांगते. तीन शिक्षकांच्या मोठ्या विभागात तीन वेगळ्या पद्धती पाहायला मिळतात, पण तुमची जबाबदारी नेमकी कोणाकडे, हे ठरलेले नसेल तर तुम्ही सगळ्यांच्या मदतनीस होऊन राहता. एकट्या शिक्षिकेच्या शाळेत सारे काम एका माणसाच्या दिवसात कसे बसते ते दिसते, आणि तुमची पहिली नोकरी बहुधा तशाच शाळेत असेल. मात्र ती शिक्षिका थकलेली असेल आणि तुमच्याकडे दोन जादा हात म्हणून पाहत असेल, तर तिथे जाऊ नका. शहराच्या कडेची शाळा तुम्ही मनातल्या मनात शेवटी टाकली आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तिला खाली ढकलण्याची घाई करू नका. ज्या मुलांच्या घरी शेती नाही त्यांना शेती शिकवण्याची कला वेगळी असते, आणि अमेरिकन शेतावर न वाढलेल्या तुम्हाला ती कदाचित लवकर साधेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. होय, एफएफएमध्ये नव्हते हे पहिल्याच ईमेलमध्ये सांगा, आणि त्याच परिच्छेदात तुम्हाला काय येते तेही लिहा: ठिबकची मांडणी, माती परीक्षण, रोपवाटिका, कलमे बांधणे, जे प्रत्यक्ष केले असेल ते. मग एक नेमकी मागणी करा: जानेवारीपूर्वी त्यांच्या चॅप्टरच्या, म्हणजे शाळेतल्या एफएफए शाखेच्या, एका बैठकीला मागे बसून उद्घाटनाचा विधी पाहता येईल का. त्या विधीत प्रत्येक पदाधिकाऱ्याची जागा आणि चिन्ह ठरलेले असते आणि सल्लागार शिक्षकाची जागा घुबडाच्या चिन्हापाशी असते. ही माहिती एकदा पाहून डोक्यात बसते. मिग वेल्डिंगसाठी तुमच्या विद्यापीठाच्या ॲग मेकॅनिक्स लॅबमध्ये सरावाची वेळ या आठवड्यातच मागून घ्या, कारण नोव्हेंबरनंतर तिथली वेळ मिळणे अवघड होते. शिक्षकांना भेटाल तेव्हा सराव सुरू केला आहे असे सांगता आले पाहिजे.